मिरा रोडला घर घ्यावं का? तिथे राहिलेल्यांनी अनुभव लिहा

आम्ही दोघं आणि चार वर्षांची मुलगी. कांदिवलीत भाड्याने राहतो, दर अकरा महिन्यांनी सामान बांधून जीव मेटाकुटीला आलाय. मिरा रोडला पूनम सागरच्या बाजूला रीसेलचा टू बीएचके पाहिला. इमारत २००४ ची, चौथा मजला, खिडकीत उभं राहिलं की वारा लागतो. पुढच्या रविवारी टोकन द्यायचं आहे.

पण ज्याला सांगावं तो घाबरवतोय. एक म्हणतो मुस्लिम वस्तीचं नयानगर जवळ आहे, विचार कर. दुसरा म्हणतो तिथे मराठी माणूस उरलाय कुठे. तिसरी म्हणते दहिसर चेकनाक्यापलीकडे नुसते बार. २०१६ मध्ये अमेरिकन आयकर खात्याच्या नावाने फसवणारी कॉल सेंटरं पोलिसांनी तिथेच पकडली होती, तेही एकाने ऐकवलं. यातल्या एकानेही मिरा रोडला रात्र काढलेली नाही. ज्यांनी वर्षं काढली आहेत त्यांनी लिहा. चांगलं, वाईट, जे असेल ते.

शांतीनगर, १९९४ पासून

गिरगावातली खोली देऊन आलो तेव्हा आमचे लोकही असंच बोलले होते. तेव्हा नगरपालिका होती, महापालिका २००२ ला झाली. आजूबाजूला मिठागरं, रात्री बेडकांचा एवढा गलका की पहिल्या पावसात मुलं झोपली नाहीत. वस्ती कशी आहे हे विचारणारे पुष्कळ भेटतात, जमीन कशी आहे हे कोणी विचारत नाही. ही सगळी खाजणाची, भरावाची जमीन. रस्ता दर डांबरीकरणाला वर येतो आणि जुनी इमारत आहे तिथेच राहते. आमच्या जिन्यापाशी तीन पायऱ्या चढून जायचो, आता रस्त्यावरून दोन उतरून जातो.

म्हणून ताई, इमारतीत शिरताना पायऱ्या मोजा. मग जिन्याखालचे विजेचे मीटर बघा. छातीएवढ्या उंचीवर नवे खिळे ठोकून लावलेले असतील तर त्या सोसायटीने पाणी पाहिलंय. २६ जुलै २००५ नंतर आमचे मीटर वर गेले. तळमजल्याच्या भिंतीवर पोपडे कुठपर्यंत आलेत तेही बघा, रंग ताजा असेल तर जास्तच नीट बघा.

नयानगर, २००९ पासून

मी मूळ म्हसळ्याची. माझी आई अजूनही 'चूल पेटव गो' असंच बोलते. लग्नानंतर आम्ही आधी दुसरीकडे घर शोधत होतो. दलाल फोनवर हो म्हणायचा, भेटीची वेळ द्यायचा, आणि नाव सांगितलं की तासाभरात फोन यायचा, 'भाभी, मालकाने विचार बदलला.' पाच वेळा हे झालं. सहाव्या वेळी मी नाव आधीच सांगितलं, म्हणजे निदान चक्कर वाचेल. मग नयानगरला आलो. लोक विचारतात तुम्ही सगळे एकाच ठिकाणी का राहता, त्यांना मी या पाच फोनांबद्दल सांगते.

जानेवारी २०२४ चं लपवणार नाही. अयोध्येतल्या राममंदिराच्या प्राणप्रतिष्ठेच्या आदल्या रात्री, २१ तारखेला, झेंडे लावलेल्या गाड्यांवरून हाणामारी झाली, पुढचे काही दिवस तणाव होता, रस्त्याकडेच्या दुकानांपुढची बांधकामं पाडली गेली. आम्ही खिडक्या लावून बसलो होतो. मुलाचं दहावीचं वर्ष. त्याच्या गणिताच्या बाई पलीकडच्या सेक्टरात राहतात, त्यांचा फोन आला, 'त्याला पाठवू नका, मीच येते.' आल्या. दोन दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी प्रमेयं करून घेतली. मी चहा देताना माझे हात थरथरत होते, त्यांनी कप माझ्या हातातून आधीच घेतला.

तुम्हाला भीती वाटत असेल तर मी ती खोटी म्हणणार नाही. पण बाजार संध्याकाळी सहाला फिरून बघा. भाजी घ्यायला कोण कोण येतं ते तुमच्या डोळ्यांनी दिसेल.

सृष्टीजवळ, २०१५ पासून

मी हॉस्पिटलमध्ये नर्स, आठवड्यातून तीनदा रात्री उशिराच्या विरार गाडीने परतते. बाईमाणसाने घर बघायचं तर रात्री अकरानंतर बघावं. दलाल तुम्हाला रविवारी सकाळी नेतो, तेव्हा सगळीच उपनगरं देवळासारखी दिसतात. स्टेशनच्या पूर्वेला उतरा, शेअर रिक्षात बसा, गल्लीच्या तोंडाशी उतरून घरापर्यंत चालत जा. मेडिकल उघडं आहे का, भुर्जीची गाडी आहे का, दिवे लागलेत का. मला दहा वर्षांत कोणी वाकडा शब्द बोललं नाही, पण मी गल्ली निवडून घेतली. पहिलं घर स्वस्त होतं, ते सोडलं, कारण शेवटची दोनशे पावलं कंपाउंडच्या आंधळ्या भिंतीच्या कडेने होती.

आणि सकाळचं. विरारहून येणाऱ्या फास्टमध्ये चढायची आशा ठेवू नका, दारातल्या बायका पाय ठेवू देत नाहीत. भाईंदरहून सुटणारी गाडी पकडायची. त्या गाडीच्या वेळेवर तुमचं सगळं आयुष्य बसवावं लागेल.

हटकेश, २०११ ते २०१४, आता डोंबिवली

मी सोडून आलेला आहे, म्हणून माझंही वाचा. मला लोक सांगत होते की काशिमिऱ्याकडे बार-लॉजचा त्रास आहे. मी म्हटलं, लोक कशालाही नावं ठेवतात. घर हायवेच्या बाजूचं, किंमत चांगली. बेडरूमच्या खिडकीखाली एका लॉजचं मागचं दार निघालं. पहाटे तीनपर्यंत गाड्यांची दारं आपटायची, भांडणं व्हायची. बायको गरोदर होती, झोप नाही. तीन वर्षांत विकलं, तोट्यात. लोक बोलत होते ते त्या पट्ट्याबद्दल अगदी खरं होतं. माझी चूक अशी की मी सगळ्या मिरा रोडची बदनामी खोटी ठरवण्याच्या नादात त्या एका पट्ट्याची खरी गोष्टही कानाआड केली. तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर माझी बहीण राहते, तिला यातलं काहीच माहीत नाही.

उत्तन सोडून कनकिया, २०१८ पासून

थोडक्यात लिहितो. आम्ही कोळी, ख्रिस्ती. ताबा घेतल्यावर दुसऱ्याच आठवड्यात बोंबील तळले म्हणून बैठकीत विषय आला. तो फ्लॅट भाड्याने दिला, समोरच्या इमारतीत घेतला, तिथे खालची काकू वाटी घेऊन मागायला येते. दोन्ही इमारतींमध्ये रस्ता वीस फुटांचा आहे. टोकनआधी जिन्यात उभं राहून दारावरच्या पाट्या वाचा आणि दुपारी साडेबाराला वास घ्या.

पूनम सागर, सोसायटीचा सेक्रेटरी, बारा वर्षं

तुम्ही माझ्याच भागात घर बघताय, म्हणून सविस्तर लिहितो. आमच्या इमारतीत चौसष्ट घरं: गुजराती, मराठी, मल्याळी, बोहरी, उत्तर भारतीय, टीव्ही मालिकांत कामं करणारी दोन मुलं. बारा वर्षांत धर्मावरून, भाषेवरून एकही बैठक उधळली नाही. पाण्यावरून चार उधळल्या.

या शहराला स्वतःचं धरण नाही. स्टेम प्राधिकरण (ठाणे परिसराला पाणी पुरवणारी संस्था) आणि एमआयडीसीकडून येणारं पाणी वाटून घ्यायचं. सूर्या प्रकल्पातून रोज २१८ दशलक्ष लिटर या शहरासाठी मंजूर आहे, पण घर घेताना मंजुरीकडे न बघता तुमच्या नळाकडे बघा. सेक्रेटरीकडे गेल्या एप्रिल-मेची टँकरची बिलं मागा. दाखवायला कां-कूं करतोय म्हणजे काय ते समजा. आमच्याकडे एका मे महिन्यात टँकरवर गेला तेवढा पैसा लिफ्टच्या वर्षभराच्या देखभालीला लागत नाही. पाणी किती वाजता येतं, किती मिनिटं, वरच्या टाकीत चढेपर्यंत किती उरतं, हे वॉचमनला विचारा. पंप तोच चालू करतो.

दुसरं, कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरकडून जमीन सोसायटीच्या नावावर होणं. इमारत २००४ ची म्हणता, मग जमीन सोसायटीच्या नावावर झाली का? सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड मागा. नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डर करून देत नसेल तेव्हाच्या कन्व्हेयन्सचा) अर्ज तरी केलाय का? उद्या इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली की हाच कागद अडवतो. भोगवटा दाखला, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा कागद, बघा. आमच्याच ओळीत एका इमारतीला तो नाही, बँकेने तिथलं कर्ज नाकारलं, घेणारा अर्ध्या वाटेवरून परत गेला. गेल्या तीन वर्षांच्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त वाचायला मागा. लोक कशावरून भांडतात ते त्यात लिहिलेलं असतं. नव्या बांधकामात घेणार असाल तर महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर त्या प्रकल्पाविरुद्धचे दावे दिसतात. रीसेलला ती सोय नाही, पायपीट करावी लागते.

शीतल नगर, शिक्षिका

मराठी माणूस उरला नाही म्हणणाऱ्यांसाठी. २०२५ मध्ये इथे भाषेवरून मारहाण झाली, आधी व्यापाऱ्यांचा मोर्चा, मग ८ जुलैला मराठी माणसांचा. त्या मोर्चात मी होते. दुसऱ्या दिवशी माझा किराणावाला, मारवाडी, पिशवी देताना म्हणाला, 'बाई, तीस वर्षं तुमच्याशी मराठीच बोलतोय ना?' बोलतोय, खरंच. मी मोर्चाला गेले याचा पश्चात्ताप नाही, आणि त्याचं दुकानही सोडलं नाही.

धागा सुरू करणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी रात्री साडेअकराला आम्ही दोघं गाडीने आलो, मुलीला आईकडे ठेवलं. स्टेशनपासून शेअर रिक्षा, मग चाललो. मेडिकल उघडं होतं. इमारतीच्या पायऱ्या मोजल्या: एक चढायची. मीटर गुडघ्याच्या उंचीवर, जुनेच.

रविवारी टोकन दिलं नाही. त्या इमारतीच्या सेक्रेटरींनी टँकरची बिलं लगेच काढून दिली, कन्व्हेयन्सचा अर्ज केल्याची पोच मात्र सापडत नव्हती. ती मिळेपर्यंत थांबतो असं मालकांना सांगितलं. ते थोडे नाराज झाले, पण थांबायला तयार आहेत.

उतरताना तिसऱ्या मजल्यावर एक वयस्कर बोहरी काकी दारात उभ्या होत्या. चौथ्यावर येणार तुम्हीच का, असं विचारलं. आता कुठून आलात, मूल किती, असं काही येईल असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "पाणी साडेसहाला येतं, पाऊण तास. तुम्ही दोघं नोकरीवाले दिसता. चावी माझ्याकडे ठेवाल का, की घरी कोणी असेल?"