एका स्टिकवर मिसुरीचे तिन्ही टरेट

मिसुरी युद्धनौकेच्या मॉडेलवर टरेट (तोफांचा फिरता बुरूज) फिरवणारा सर्व्हो (सांगितलेल्या कोनात वळणारी छोटी मोटर) झटक्यात फिरतो म्हणताय ना, तो कोडमुळेच. थेट राईट(१२०), म्हणजे ‘१२० अंशावर जा’, असं दिलं की बिचारा जमेल तितक्या जोरात पळणारच, आणि १:२०० च्या मॉडेलवर ते खेळण्यासारखं दिसतं. खऱ्या आयोवा क्लासचा (मिसुरी त्याच वर्गातली) १६ इंची तोफांचा टरेट सेकंदाला साधारण ४ अंशच फिरायचा, म्हणजे समोरून बाजूला यायलाच वीसेक सेकंद. तेवढं हळू ठेवा, मजा त्यातच आहे!

मी राईट-मायक्रोसेकंद्स (कोनाऐवजी सर्व्होला जाणाऱ्या पल्सची लांबी सांगणारी आज्ञा) वापरतो, दर ५० मिलिसेकंदाला १ मायक्रोसेकंद पुढे. सर्व्होवर ४० दात नि टरेटवर २० असा गिअर आहे म्हणून हा आकडा, तुमचं थेट जोडलेलं असेल तर दुप्पट धरा. पण स्वस्तातला अ‍ॅनालॉग सर्व्हो इतकी बारीक हालचाल घेतच नाही, थांबून थांबून उड्या मारतो, तिथे डिजिटलच लागतो (खिशाला चटका बसतो, इलाज नाही).

मागच्या टरेटचा शून्य (मधली दिशा) मागे असतो हे विसरू नका, मी विसरलो आणि तिन्ही नळ्या डेकवरच्या बांधकामात घुसल्या, एक वाकली ती वाकलीच. आता कोडमध्ये प्रत्येकाला मधल्यापासून दोन्हीकडे १४५ अंशाची मर्यादा टाकलीय, लक्ष्य त्यापलीकडे गेलं की टरेट कडेला थांबून वाट बघतो.

आणि सर्व्होंना करंट नॅनोच्या (कोड चालवणारा छोटा आर्डुइनो बोर्ड) ५ व्होल्ट पिनवरून नको हां, वेगळा बीईसी (बॅटरीचा व्होल्टेज उतरवून देणारं सर्किट) लावा, ग्राउंड मात्र एकच. बहुतेक थरथर तिथूनच येते.