वीक-स्ट्राँग लोडर बघतो की नाही?

कोअरडंप: काल इथे एकाने ठासून लिहिलं, "दोन शेअर्ड लायब्ररींत एकच सिम्बॉल असेल तर स्ट्राँग जिंकतो, वीक हरतो." वाचून गप्प बसवेना. सिम्बॉल म्हणजे फंक्शनचं किंवा व्हेरिएबलचं नाव; स्ट्राँग म्हणजे नेहमीचा, वीक म्हणजे दुसऱ्याला जागा देणारा. हा नियम लिंकरचा, म्हणजे बिल्ड करताना ऑब्जेक्ट फायली जोडतानाचा. जीलिबसीचा (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) लोडर, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना शेअर्ड लायब्ररी जोडणारा, शोधक्रमात जी डेफिनिशन आधी सापडेल ती उचलतो, वीक असो वा स्ट्राँग. स्ट्राँगला पसंती देणारी जुनी वागणूक हवीच असेल तर एलडी_डायनॅमिक_वीक हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट करा.

जुनालिंकर: नियम बरोबर. पण थ्रेडच्या लायब्ररीचा, लिबपीथ्रेडचा, जुना घोळ वीक डेफिनिशनपेक्षा वीक रेफरन्सचा (सिम्बॉल सापडला नाही तरी चालेल असा वापर) जास्त होता. सी++ ची लायब्ररी एका वीक रेफरन्सचा पत्ता तपासायची; शून्य आला की प्रोग्रॅम एकाच थ्रेडचा समजून शेअर्ड_पीटीआरचे (सी++ चा स्मार्ट पॉइंटर) काउंट अ‍ॅटॉमिकशिवाय, म्हणजे थ्रेड-सुरक्षित सूचना न वापरता, वाढवायची. वेग वाचायचा.

स्टॅटिकवाला: वेग कसला! आमच्या स्टॅटिक बिल्डमध्ये लिबपीथ्रेड दिलेली, लिंकिंग विनातक्रार झालं, आणि पहिला थ्रेड बनवताच सेगफॉल्ट. बॅकट्रेसमध्ये सगळ्यात वर पत्ता शून्य. वीक रेफरन्स आर्काइव्हमधून (स्टॅटिक लायब्ररीची .a फाइल) ऑब्जेक्ट ओढतच नाही! सगळं आर्काइव्ह ओढणारा होल-आर्काइव्ह फ्लॅग लावला तेव्हा कुठे चाललं.

कोअरडंप: विषय शेअर्ड लायब्ररींचा आहे. स्टॅटिकचं रडगाणं दुसऱ्या धाग्यात.

स्टॅटिकवाला: का म्हणून? लागेल तीच लायब्ररी ठेवणारा लिंकरचा अ‍ॅज-नीडेड फ्लॅग असेल तर शेअर्डमध्येही तेच. नुसत्या वीक रेफरन्ससाठी लिंकर लायब्ररी ठेवत नाही, लिबपीथ्रेड नीडेडच्या यादीतून (प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ररींची यादी) गळते. मग थ्रेड बनवताना "ऑपरेशन नॉट परमिटेड". परमिशनचा काय संबंध? माणूस सुडो करून करून थकतो. हा फ्लॅग डिफॉल्ट करणाऱ्यांचा मला आजही राग येतो.

जुनालिंकर: अहो, 2021 च्या जीलिबसी 2.34 मध्ये लिबपीथ्रेड लिबसीतच आली. मसल या दुसऱ्या सी लायब्ररीत तर वेगळी कधी नव्हतीच. किती दिवस उगाळणार?

स्टॅटिकवाला: जीलिबसी 2.17 वरचे सर्व्हर अजून सांभाळणाऱ्यांना हे सांगून बघा.

कोअरडंप: बरं, अ‍ॅज-नीडेडचा मुद्दा शेअर्डमध्ये बसतो, तेवढं मान्य. पण तिथेही लायब्ररी गाळली लिंकरनेच. लोडर वीक-स्ट्राँग बघत नाही, हे माझं म्हणणं कायम.

स्टॅटिकवाला: अर्धंच खरं आहे ते. डेफिनिशन निवडताना बघत नाही. रेफरन्सची डेफिनिशन कुठेच सापडली नाही, की बघतो: स्ट्राँग असेल तर एरर देतो, वीक असेल तर शून्य भरून पुढे जातो. ज्या शून्यावर आमचा प्रोग्रॅम पडला, ते असंच शेअर्डमध्येही येतं. नवशिक्यांना सांगायचं तर दोन्ही सांगा.