मदत हवी आहे: रोजचं टर्की-हॅम सँडविच बंद करायचं का?

एडिसनकर:
मंडळी, जरा लवकर सांगा, सकाळी डबा भरायचाय. आमच्याकडे दुपारी रोज टर्की नाहीतर हॅमचं गार सँडविच असतं, आठवड्याला एक पाउंड लागतं, कधी पाकीट आणतो कधी दुकानातल्या डेली काउंटरवरून (तयार मांस-चीज विकतात तिथून) कापून. पुण्याहून चुलतभाऊ आलाय, त्याने फ्रीज उघडला आणि म्हणाला हे सिगरेटच्याच यादीत आहे, कॅन्सर होतो, आधी फेकून दे. पाकीट घेतो तेव्हा मी मुद्दाम जास्त पैसे देऊन 'अनक्युअर्ड, नो नायट्रेट' (मांस टिकवायचं रसायन न घातलेलं) वालंच घेतो, मग ते तरी चालेल ना? हो की नाही एवढंच सांगा, वाचून वाचून डोकं पिकलंय.

मालवणी_मसाला:
खाणारं कोण? वय काय? बीपी, किडनी काही? पाउंड कितीजणांत संपतो? याशिवाय हो-नाही कसं सांगणार दादा.

जीवशास्त्र_मास्तर:
यादीचं खरं आहे, अर्थ चुकीचा लावतात. ऑक्टोबर २०१५ मध्ये डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संशोधन संस्थेने प्रोसेस्ड मीट (हॅम-सॉसेजसारखं प्रक्रिया केलेलं मांस) ग्रुप १ मध्ये टाकलं, तंबाखूही त्याच ग्रुपात. पण ग्रुप १ म्हणजे पुरावा पक्का आहे एवढंच, धोका तंबाखूइतकाच आहे असं नाही. त्यांचा आकडा असा की रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. अमेरिकेत हा कॅन्सर आयुष्यभरात शंभरातल्या साधारण चौघांना होतो, ते चाराचे पावणेपाच होतील असं ढोबळ धरा. आता तुमचा पाउंड एकच माणूस पाच दिवसांत संपवत असेल तर रोजचे ९० ग्रॅम झाले. कधीमधी खाणं वेगळं, हे वेगळं.

साधं_जेवण:
मुळात हवंच कशाला ते? मोडाची मटकी रात्री शिजवून ठेवा, सकाळी फोडणी, थर्मासच्या डब्यात दुपारपर्यंत गरम राहते. माझी लेक चार वर्षं शाळेत तीच नेतेय. बाईंनी एकदा वास कसला येतोय म्हणून विचारलं होतं, तर लेकीने त्यांनाच दोन चमचे खायला दिली.

मडगावचो_पाव:
सगळ्याला एकाच मापात मोजू नका हो. आमची गोव्याची चोरीस (सॉसेज) बघा, मांस, मीठ, व्हिनेगर, मिरची, लसूण, बस्स. माझी आजी ८८ वर्षं जगली चोरीस-पाव खाऊन.

जीवशास्त्र_मास्तर:
चोरीसही त्यातच येते. मीठ लावून मुरवलेलं, आंबवलेलं, धुरावलेलं, सगळं प्रोसेस्ड मीटच धरतात. आणि तुमच्याकडेही बरेच जण त्यात सोरा घालतात, तो नायट्रेटच.

मडगावचो_पाव:
आमच्या घरी घालत नाहीत. आणि आजी रोज नव्हती खात, महिन्यातून दोनदा, भरपूर कांदा-बटाटा घालून, माणशी चोरीसच्या माळेतले दोन मणी यायचे वाट्याला.

मालवणी_मसाला:
मग मास्तर तेच तर म्हणतायत.

एडिसनकर:
मटकी आणि चोरीस राहू द्या हो. अनक्युअर्डचं कोणी सांगणार का?

जीवशास्त्र_मास्तर:
पाकीट हातात घ्या आणि बारीक अक्षरं वाचा. 'सेलरी पावडरमधले नैसर्गिक नायट्रेट सोडून' असं काहीतरी सापडेल. सेलरी या भाजीत नायट्रेट भरपूर असतं, जिवाणू वापरून त्याचं नायट्राइट करतात आणि मांसात गेल्यावर ते नेहमीच्या सोडियम नायट्राइटचंच काम करतं, रंग गुलाबी ठेवतं, बोट्युलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जंतूला अडवतं. पुढे आतड्यात त्याची जी घातक संयुगं बनतात ती यातूनही बनतात. जास्तीचे पैसे देऊ नका. शिवाय मीठ बघा, दोन-तीन चकत्यांत ५००-६०० मिलिग्रॅम सोडियम सहज असतं आणि डब्ल्यूएचओची दिवसाची मर्यादा २००० आहे.

जिम_बंड्या:
प्रोटीनसाठी खात असाल तर व्हे पावडर घ्या, दुधातून दोन स्कूप, विषय संपला.

मालवणी_मसाला:
प्रोटीनचं कोणी विचारलंय? एडिसनकर, खाणारं कोण हे तुम्ही अजून सांगितलं नाहीत.

एडिसनकर:
बायको. सहावा महिना चालू आहे. पहिले चार महिने तिला काही टिकतच नव्हतं, कुकरची शिट्टी झाली की उमासे यायचे, हे गार सँडविच तेवढं पोटात राहायचं म्हणून चालू केलं ते चालूच राहिलं. पण माझा प्रश्न कॅन्सरचा आहे.

वॉर्डातली_मावशी:
अहो हे पहिल्या ओळीत लिहायचं! कॅन्सरचा हिशोब वर्षांचा असतो, तो नंतर करा. मी बाळंतिणींच्या वॉर्डात २२ वर्षं नर्स आहे, तुमच्यासाठी खरा प्रश्न लिस्टेरियाचा. हा जंतू फ्रीजच्या गारव्यातही वाढतो. काउंटरवर एकाच पात्यावर आधी हॅम, मग चीज, मग टर्की कापतात, पात्यामागे चिकटलेला चुरा बघितलाय कधी? तिथून तो एकाचा दुसऱ्याला लागतो. आईला नुसता ताप, अंगदुखी, फ्लूसारखं वाटतं आणि इजा बाळाला होते, गर्भपात होऊ शकतो, बाळ पोटातच दगावू शकतं. २०२४ मध्ये अमेरिकेतच डेली मीटमुळे ६१ जण आजारी पडले, १० दगावले. गार चकती आजपासून बंद. खायचीच तर आतपर्यंत १६५ फॅरनहाइट, वाफा निघेपर्यंत गरम करून.

डॅलसची_सून:
एवढं घाबरवू नका मावशी. मी दोन्ही गरोदरपणांत सबवेचं सँडविच खाल्लं, दोन्ही मुलं ठणठणीत आहेत.

वॉर्डातली_मावशी:
ठणठणीत आहेत याचा आनंदच आहे गं. हे क्वचितच होतं. पण होतं तेव्हा काय होतं ते मी पाहिलंय, म्हणून लिहिते. एडिसनकर, तिला ताप, जुलाब, अंगदुखी काही आहे?

एडिसनकर:
नाही, काही नाही. पण दोन महिने झाले खातेय. आता काय करू? टेस्ट?

वॉर्डातली_मावशी:
त्रास काही नसेल तर सहसा टेस्ट-औषध काही देत नाहीत. तरी तिच्या डॉक्टरांच्या नर्स लाइनला आत्ताच फोन करून काय खाल्लं ते सांगा. यापुढे ताप आला तर त्याच दिवशी फोन, उद्यावर टाकू नका, लक्षणं कित्येक आठवड्यांनीही दिसू शकतात. आणि फ्रीजचा तो कप्पा साबणाच्या पाण्याने पुसून घ्या, पाकिटातलं पाणी सांडलेलं असतं.

एडिसनकर:
फोन केला. त्यांनीही हेच सांगितलं, ताप आला तर लगेच कळवा. चकत्या गरम करून दिल्या तर कडा वळून चामड्यासारख्या झाल्या, तिने एक घास घेऊन ठेवून दिलं. गार काही सुचतंय का?

साधं_जेवण:
घरीच चिकन ब्रेस्ट मीठ-मिरी घालून पूर्ण शिजवा, लगेच फ्रीजमध्ये ठेवा, गार झालं की पातळ कापा, तीन दिवसांत संपवा. आणि अंडं चालत असेल तर कडक उकडून, बलक पूर्ण शिजलेला हवा.

मडगावचो_पाव:
अवांतर, पण न्यू जर्सीत चोरीस कुठे मिळते कोणाला माहीत आहे का?