प्रदर्शनाचा कॅटलॉग स्वतः प्रकाशित करायचा आहे : आधी छापावा की नंतर? (मदत हवी आहे)

नमस्कार.

आमच्या दिवंगत चित्रकार-शिक्षकांच्या निवडक चित्रांचे प्रदर्शन कोल्हापूरच्या शाहू स्मारक भवनात भरवायचे आम्हा काही जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवले आहे आणि त्यासोबत कॅटलॉगही काढायचा आहे. चित्रांची नावे आणि किमती देणारे चार पानी पत्रक आमच्या मनात नाही. साठेक चित्रे, रेखाटनांच्या वह्यांतील काही पाने, दोन दीर्घ लेख आणि कालपट असे शंभर-सव्वाशे पृष्ठांचे पुस्तक करायचे आहे. प्रती तीनशे. सरांची चित्रे कोल्हापूर, सांगली, बेळगाव अशी घरोघरी विखुरलेली असल्यामुळे ती पुन्हा एकत्र येण्याची शक्यता कमीच आहे, म्हणून हे काम घाईत उरकायचे नाही.

प्रकाशकांकडे चौकशी केली. एकाने निम्म्या प्रती आम्हीच आगाऊ विकत घ्याव्यात अशी अट घातली आणि मांडणीत आमचा शब्द चालणार नाही हेही वर सांगितले. पैसे आमचेच जाणार असतील तर निर्णयही आमचेच असावेत, असा विचार करून आम्ही स्वतःच प्रकाशक व्हायचे ठरवले. यात नवीन काही नाही. बडोद्यात गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर या चित्रकारांनी १९६९ साली ‘वृश्चिक’ हे नियतकालिक स्वतःच सुरू केले होते. मुंबईत सत्तरच्या दशकात अरुण कोलटकरांसह चार कवींनी ‘क्लिअरिंग हाउस’ ही प्रकाशनसंस्था उभी केली आणि तिच्या पुस्तकांची मुखपृष्ठे जे. जे.त शिकलेल्या कोलटकरांनीच केली. फक्त त्या मंडळींना साठ रंगीत चित्रे छापायची नव्हती, आणि आमची अडचण नेमकी तिथे आहे.

उद्घाटनाच्या दिवशी पुस्तक हातात हवे असेल तर ते काही आठवडे आधी छापखान्यात जायला हवे, आणि मग प्रदर्शनाच्या दालनातील छायाचित्रे त्यात घेता येणार नाहीत. सरांचे दोन कॅनव्हास नऊ फुटी आहेत आणि ते जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर टांगावेत असा त्यांचा आग्रह असे. पानावर पोस्टकार्डाएवढे छापलेले तेच चित्र पाहून त्या आग्रहाचे कारण कोणालाही कळणार नाही. त्यासाठी भिंत, फरशी आणि समोर उभे असलेले माणूस दिसायला हवे. पुस्तक नंतर काढावे, तर प्रदर्शनाला येणारा माणूस रिकाम्या हाताने परत जातो.

दुसरी चिंता रंगांची. सरांचे पुष्कळसे काम राखाडीत आहे. आयव्हरी ब्लॅक या काळ्या रंगात पांढरा मिसळून केलेल्या त्या राखाडीत कुठे किंचित हिरवट तर कुठे जांभळट झाक आहे, आणि चित्र त्या फरकावरच उभे असते. एका छापखान्याने नमुन्यादाखल काढून दिलेल्या डिजिटल पानांवर सगळ्या झाका सरसकट गुलाबी उतरल्या. तीनशे प्रतींसाठी ऑफसेट, म्हणजे प्लेटी करून होणारी छपाई, परवडेल का? आमच्यापैकी बहुतेकांना दहा बाय दहा इंचांचा चौरस आकार हवा आहे, तो योग्य ठरेल का? आणि परवानगी नेमकी कोणाची घ्यायची, चित्र ज्यांच्या भिंतीवर आहे त्यांची की सरांच्या कन्येची?

ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

मी छपाईच्या व्यवसायात आहे, त्यामुळे आकार आणि रंग यांपुरतेच बोलतो.

चौरस आकाराचा मोह आवरावा, असे मी सुचवेन. २३ बाय ३६ इंचांच्या कागदात दहा इंची चौरसाची एका बाजूस सहाच पृष्ठे बसतात, उरलेली पट्टी रद्दीत जाते आणि सोळा पृष्ठांचा फर्माही (एकाच कागदावर छापून घडी घातलेला पृष्ठांचा गठ्ठा) घडत नाही. तोच कागद साधारण साडेआठ बाय अकरा इंचांच्या उभ्या आकारासाठी घेतला तर एका बाजूस आठ आणि दोन्ही बाजूंस मिळून सोळा पृष्ठे येतात. एकूण पृष्ठे १२० ऐवजी ११२ ठेवावीत, म्हणजे बरोबर सात फर्मे होतील. पाच फर्मे चित्रांचे, मॅट आर्ट पेपरवर. दोन फर्मे लेखांचे, मॅपलिथो या साध्या, बिनचकाकीच्या कागदावर एकाच रंगात. शिलाई दोऱ्याचीच करून घ्यावी, कारण नुसत्या डिंकावर बांधलेले पुस्तक सपाट उघडत नाही आणि जोडपानावरचे चित्र मध्येच गिळले जाते.

ऑफसेटमध्ये चार रंगांच्या एका फर्म्याला दोन्ही बाजूंच्या मिळून आठ प्लेटी लागतात. तुमच्या पाच फर्म्यांना चाळीस झाल्या, शिवाय लेखांच्या चार. हा खर्च आणि मशीन लावून रंग जुळेपर्यंत वाया जाणारा कागद तीनशे प्रतींना जवळजवळ तेवढाच येतो, जेवढा हजारांना येतो. म्हणून तीनशे हा आकडा अगदी सीमेवरचा आहे. पाचशे प्रती खपण्याची आशा असेल तर ऑफसेटच करावे, नसेल तर दोन्हींचे भाव मागवून ठरवावे.

राखाडी गुलाबी का झाली, याचे उत्तर बहुधा रंगविभाजनात, म्हणजे चित्राचे रंग छपाईच्या चार शायांत वाटण्यात, आहे. निळा, किरमिजी आणि पिवळा या तिन्ही शाया मिळून राखाडी घडवली असेल तर त्यांतली एक जरी किंचित जास्त पडली तरी डोळ्याला ते लगेच जाणवते. फाइल तयार करणाऱ्याला सांगावे की राखाडीचा भार मुख्यतः काळ्या शाईवर टाका आणि बाकीच्या शाया झाक देण्यापुरत्याच ठेवा. संगणकावर पाहून कशालाही मान्यता देऊ नये. ज्या कागदावर पुस्तक छापायचे त्याच कागदावर चार-पाच अवघड चित्रांचे प्रूफ काढून घ्यावे आणि ते मूळ चित्राशेजारी ठेवून, ट्यूबलाइटखाली न पाहता, दुपारच्या सावलीतल्या उजेडात पाहावे.

हे सगळे छायाचित्रणापासून सुरू होते. चित्राच्या दोन्ही बाजूंस पंचेचाळीस अंशांत सारखे दिवे आणि प्रत्येक चित्राच्या पहिल्या फ्रेममध्ये रंगपट्टी, एवढे छायाचित्रकाराकडून कटाक्षाने करून घ्यावे. व्हार्निश चमकत असेल तर दिव्यांवर आणि लेन्सवर पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) लावावा लागेल. घरोघरी जाऊन मोबाइलवर काढलेली चित्रे या पुस्तकात घेणार असाल तर छपाईवर पैसे घालवण्यात अर्थ नाही, हे स्पष्ट सांगतो.

प्रतिसाद २

परवानगीबद्दल. चित्र विकत घेणाऱ्याला कॅनव्हासची मालकी मिळते, ते छापण्याचा हक्क मिळत नाही. तो चित्रकाराकडे आणि त्याच्या पश्चात वारसांकडे असतो, मृत्यूनंतर ६० वर्षे. उदाहरणार्थ, चित्रकार प्रभाकर बरवे १९९५ साली गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरील हक्क २०५५ च्या अखेरपर्यंत राहील. तेव्हा लेखी परवानगी सरांच्या कन्येची आणि अन्य वारस असतील तर त्यांचीही घ्यावी. संग्राहकांकडून चित्र उतरवून छायाचित्र काढू देण्याची संमती आणि नाव छापावे की ‘खासगी संग्रह’ म्हणावे याचा खुलासा घ्यावा. परवानगीपत्रात मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नये, कारण कॉपीराइट कायद्यानुसार मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता समजला जातो. पुढे दुसरी आवृत्ती काढताना किंवा एखाद्या नातेवाइकाने अमेरिकेत प्रती नेऊन विकताना हे आड येऊ शकते. छायाचित्रकाराशीही दोन ओळींचा करार करावा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. प्रकाशनानंतर तीस दिवसांत एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नेमलेल्या ग्रंथालयांना पाठवणे १९५४ च्या कायद्याने बंधनकारक आहे. हौशी प्रकाशक हे हमखास टाळतात. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, परंतु छपाईच्या बिलावर तो असतो आणि त्याची वजावट मिळत नाही, म्हणून तो खर्चातच धरावा. पुस्तकविक्रेत्याचे चाळीस टक्के वजा करूनही पदरी काही उरेल अशी किंमत ठेवावी.

वेळेबाबत माझे मत असे की पुस्तक उद्घाटनाला तयारच असावे. प्रदर्शन संपल्यावर विकत घेणारे फिरकत नाहीत. दालनातील छायाचित्रांचा एक फर्मा नंतर स्वतंत्रपणे छापावा आणि मागच्या पुठ्ठ्याला आतून खिसा ठेवून त्यात घालावा. आधी पुस्तक नेणाऱ्यांचे पत्ते टिपून घेतले की त्यांना तो टपालाने पाठवता येईल.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. खिशाची कल्पना सर्वांना पसंत पडली असून चौरस आकाराचा आग्रहही मागे घेतला आहे. उद्घाटनापूर्वी प्रकाशनपूर्व सवलतीत नोंदणी सुरू करणार आहोत. शंभर नोंदी आल्या तर पाचशे प्रती ऑफसेटवर, अन्यथा तीनशे डिजिटलवर, असे तूर्त ठरले आहे. एक शंका उरते. खिशातील फर्मा सोळा पृष्ठांचाच असावा, की नऊ फुटी कॅनव्हाससाठी त्याच कागदातून घडी घातलेला एक मोठा तक्ता काढता येईल?

प्रतिसाद १

काढता येईल. एका बाजूस पूर्ण कागदभर एकच छायाचित्र आणि दुसऱ्या बाजूस आठ पृष्ठे, तीन घड्या. कागद मात्र १३० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कागदाचे वजन) वर नेऊ नये, नाहीतर घडीवर शाई तडकते आणि खिसाही फुगतो. चित्रातला महत्त्वाचा भाग घडीवर येणार नाही, हे मांडणी करतानाच कोरा कागद घडी घालून तपासावे.