मीटरमधला सर्व्हे मिलिमीटरच्या प्लॅनमध्ये आणल्यावर माप चुकतंय

रेखांकन_विश्रामबाग
सांगलीतल्या एका प्लॉटचा सर्व्हे डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या) फाइलमध्ये आलाय. आमचा बिल्डिंग प्लॅन ऑटोकॅडमध्ये मिलिमीटरमध्ये आहे. सर्व्हे इन्सर्ट केला की रस्त्याकडची 18.30 लिहिलेली बाजू डिस्ट (अंतर मोजायच्या) कमांडने 464.82 दाखवते. 39.37 ने स्केल केलं तर 18299.96 येतं, 18300 नाही. जोडीला जुन्या मंजूर नकाशाची पीडीएफ आहे, त्यावर 1:100 लिहिलंय, पण 100 ने मोठी करूनही भिंती जुळत नाहीत. साइड मार्जिन (प्लॉटच्या हद्दीपासून सोडायची मोकळी जागा) यावरूनच काढायचे आहेत.

मिरज_ड्राफ्टिंग
464.82 ला 18.30 ने भागा, बरोबर 25.4 येतात. म्हणजे सर्व्हे काढलाय मीटरमध्ये, पण फाइलचं इन्सर्शन युनिट इंच राहिलंय. तुमची फाइल मिमीची, म्हणून ऑटोकॅडने एका युनिटला एक इंच समजून 25.4 पट केलं.

39.37 ने दुरुस्त करू नका. खरा आकडा 39.3700787… असा लांबत जातो, चूक थोडी उरतेच. मूळ सर्व्हे फाइल उघडा, युनिट्स कमांडमध्ये इन्सर्शन स्केल मीटर करा (इन्सयुनिट्स 6, मिमीसाठी 4, इंचासाठी 1) आणि सेव्ह करा. यानं काढलेल्या रेषा बदलत नाहीत, फक्त पुढच्या वेळी इन्सर्ट करताना गुणक ठरतो. मग तुमच्या फाइलमधला आधीचा ब्लॉक (इन्सर्ट केलेला सर्व्हे) डिलीट करून पर्ज करा, म्हणजे न वापरलेली डेफिनिशन काढून टाका. हे राहिलं तर त्या नावाची जुनी डेफिनिशन फाइलमध्येच बसून असते आणि इन्सर्ट करताना तीच पुन्हा येते. एक्सरेफ (बाहेरून जोडलेली फाइल) असेल तर डिटॅच करून पुन्हा जोडा. आता नेमके 1000 पट होईल.

डायमेन्शनवर लिहिलेल्या आकड्यावर विश्वास नको. प्रॉपर्टीजमध्ये टेक्स्ट ओव्हरराइड (हाताने लिहिलेला आकडा) रिकामं आहे का आणि डिमएलफॅक (मोजलेल्या लांबीला लागणारा गुणक) 1 आहे का ते बघा. कुणी आकडा हाताने टाकलेला असेल तर रेषा कितीही चुकली तरी आकडा तोच दिसत राहतो.

रेखांकन_विश्रामबाग
युनिट बदलल्यावर 18300 मिळालं, आभार. पण आता हॅच (आतली रेषांची भरण) तुटक येतोय, स्नॅपही (कर्सर बिंदूवर नेमका पकडणं) थरथरतो. सर्व्हे डीजीपीएस (अचूक जीपीएस) पॉइंटवरून आहे, ईस्टिंग (पूर्वेकडचा आकडा) साडेचार लाखांच्या वर, नॉर्दिंग (उत्तरेकडचा) साडेअठरा लाखांच्या वर.

कराड_सर्व्हे
हे यूटीएम (पृथ्वीचा नकाशा मीटरच्या ग्रिडवर मांडायची पद्धत) झोन 43 चे कोऑर्डिनेट आहेत. मिमीत नेल्यावर नॉर्दिंग 186 कोटींच्या घरात जातं. इतक्या मोठ्या आकड्यांवर हॅच आणि स्नॅपला पुरेशी अचूकता उरत नाही. म्हणून उलट करा: सर्व्हे मीटरमध्येच, आहे त्या जागी राहू द्या आणि बिल्डिंग प्लॅन त्यात एक्सरेफ करा. प्लॅनच्या फाइलचं युनिट मिमी असेल तर 0.001 गुणक आपोआप लागतो. सर्व्हेची फाइल कधी स्केल करावीच लागली तर बेस पॉइंट 0,0 द्या, नाहीतर कोऑर्डिनेटचा मूळ संबंध तुटतो.

यूटीएम ग्रिडवरचं अंतर आपल्या भागात जमिनीवरच्या अंतरापेक्षा किलोमीटरमागे 40 सेंमीच्या आसपास कमी भरतं. 18.30 मीटरला तो फरक सातेक मिमीचा, प्लॉटसाठी सोडून द्या. रस्ता किंवा पाइपलाइनची लांबी काढताना मात्र तो धरावाच लागतो.

मिरज_ड्राफ्टिंग
आता पीडीएफ. नकाशावर 1:100 लिहिलेलं असलं तरी तो छापला कसा हे कळत नाही. ए1 चा कागद ए3 वर काढला की सगळं निम्मं, म्हणजे प्रत्यक्षात 1:200. ‘फिट टू पेपर’ केलेलं असेल तर कुठलाही आडनिडा गुणक निघतो. म्हणून 100 ने गुणण्यापेक्षा रेफरन्स वापरा: स्केल कमांड, सगळं सिलेक्ट, बेस पॉइंट, मग आर (रेफरन्स), माहीत असलेल्या मापाची दोन टोकं क्लिक करा आणि खरी लांबी मिमीत टाइप करा.

माप शक्य तेवढं लांब घ्या. 1 मीटरच्या दारावर क्लिक 10 मिमीने चुकलं तर 20 मीटरच्या इमारतीत 200 मिमीची चूक होते, आणि मार्जिनमध्ये 200 मिमी म्हणजे प्लॅन परत येण्याइतका फरक. तेच 20 मीटरच्या बाहेरच्या भिंतीवर रेफरन्स घेतला तर चूक 10 मिमीच राहते.

नंतर काटकोनातलं दुसरं माप तपासा. आडवं बरोबर आणि उभं चुकीचं आलं तर स्कॅन करताना कागद ओढला गेलाय. त्याचा ब्लॉक करून एक्स आणि वायला वेगळा स्केल द्या. मोबाइलने काढलेल्या फोटोची पीडीएफ असेल तर यातलं काहीच चालत नाही, कारण फोटोत एक बाजू जवळ आणि दुसरी लांब असते. नकाशा सपाट स्कॅनरवर पुन्हा स्कॅन करून मागवा.