नवजात पिल्लांची शस्त्रक्रिया: लांबणीचं वेदनाशामक एकदाच द्यावं की दर आठ तासांनी साधं?

रानजाई (धागाकर्ती)
जन्मून दोन-तीन दिवस झालेल्या उंदराच्या पिल्लांवर प्रयोगशाळेत शस्त्रक्रिया होतात. त्यानंतरच्या दुखण्याचं काय करायचं, यावर मात्र अजून एकमत नाही. माझं मत: पोट किंवा छाती उघडली असेल, तर दोन-तीन दिवस हळूहळू अंगात मुरणारं, म्हणजे लांबणीचं ब्युप्रेनॉर्फिन (अफूसारखं, ओपिऑइड गटातलं वेदनाशामक) टाके घालतानाच एकदा टोचून मोकळं व्हावं. साधं ब्युप्रेनॉर्फिन काही तासांतच उतरतं. मग पुन्हा पिंजरा उघडा, आईला बाजूला काढा, दीड-दोन ग्रॅमच्या जिवाला पुन्हा सुई. अंग गार पडलेलं, परका वास लागलेलं पिल्लू आई कधी जवळच घेत नाही, कधी खाऊनही टाकते. रात्री दोनचा डोस द्यायला मी स्वतः जात असे. सकाळी मोजायला गेलं की एखाद-दोन पिल्लं कमी. ती चिरेमुळे गेली की माझ्या हातांमुळे, हे मला कधीच कळलं नाही आणि ते अजून सलतं.

"एवढ्याशा जिवाला काय कळतंय" हे माणसांच्या बाळांबद्दलही बोललं जायचं. १९८०च्या दशकापर्यंत कित्येक नवजात बाळांवर स्नायू सैल करणारं औषध आणि नावापुरती भूल एवढ्यावर शस्त्रक्रिया झाल्या. १९८७ मध्ये आनंद आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की फेंटानिल हे ओपिऑइड मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये ताणाची संप्रेरकं कमी वाढतात आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते. मग पिल्लांच्या बाबतीत आपण अजून का अडून बसलोय?

काटेकोर
असहमत. हेतूबद्दल वाद नाही, औषधाबद्दल आहे. साधा डोस जास्त झाला तर पुढचा टाळता येतो. लांबणीचा एकदा आत गेला की परत घेता येत नाही. त्यात ब्युप्रेनॉर्फिन पेशीवरच्या आपल्या रिसेप्टरला (औषध जिथे चिकटतं ती जागा) इतकं घट्ट धरून बसतं की नॅलोक्सोन या उताऱ्यानेही ते सहज सुटत नाही. नवजात पिल्लाचं यकृत कच्चं असतं, श्वासावरचं नियंत्रण कच्चं असतं. प्रौढ उंदरात बहात्तर तास टिकलं म्हणून पिल्लातही तेवढंच टिकेल, हे कशावरून? वर ते औषध दाट. कागदासारख्या पातळ कातडीखाली सोडलं की सुईच्या भोकातून थोडं बाहेर येतं. मग नक्की किती आत गेलं, ते सांगता येत नाही.

आणि गुंगीतलं पिल्लू दूध ओढत नाही. वेदना नाही पण पोट रिकामं, याला मी उपचार म्हणणार नाही.

पिंजरेवाला
दुधाचा मुद्दा अगदी बरोबर. पण तो नुसत्या डोळ्यांनी तपासता येतो. पहिल्या काही दिवसांत कातडीतून पोटातलं पांढरं दूध दिसतं, त्यासाठी पिल्लू उचलावंही लागत नाही. मी चीर घेण्याआधी त्या जागी थोडं बुपिव्हॅकेन (जागा बधिर करणारं औषध) सोडतो, मग ओपिऑइड कमी पुरतं. हातमोज्यांना त्याच घरट्यातला भुसा चोळतो, सगळी पिल्लं एकदमच बाहेर घेतो, पूर्ण ऊब आल्यावर एकदमच परत ठेवतो. एवढं पाळलं तर आई बहुधा त्रास देत नाही.

अजून एक. बर्फावर गार करून भूल दिलेल्या पिल्लांबद्दल कुणी बोलतच नाही. ऊब आली की ती भूल संपली, मागे वेदना शमवणारं काहीच उरत नाही. या पिल्लांना औषध सगळ्यात आधी मिळायला हवं.

काटेकोर
बुपिव्हॅकेनला माझा पाठिंबा आहे, पण ते काही तासांचंच. माझी खरी अडचण पुढे आहे. औषध लागू पडलं, हे ठरवणार कसं? उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पद्धत २०१० मध्ये आली. ती डोळे, कान, गाल, मिश्या बघते. इथे डोळेच दोन आठवडे मिटलेले. मग लोक पिल्लाच्या अतिध्वनी (माणसाला ऐकू न येणाऱ्या) हाका मोजतात आणि हाका कमी झाल्या की दुखणं थांबलं म्हणतात. पण काहीही न दुखणारं पिल्लू आईपासून दूर केलं तरी तशाच हाका मारतं आणि ओपिऑइड दिलं की त्याही थांबतात. ती शांतता वेदना गेल्याची की गुंगीची?

रानजाई
हाकांचं मान्य. नुसत्या हाकांवरून मी यापुढे दावा करणार नाही. वजन, दूध आणि उताणं ठेवल्यावर पिल्लू किती वेळात पालथं होतं, हे तिन्ही एकत्र बघायला हवं.

पण मोजता येत नाही म्हणून द्यायचं नाही, हे मला पटत नाही. वेदनेला लगाम घालणारे मेंदूकडून मणक्यात उतरणारे मार्ग उंदरात तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास परिपक्व होतात. म्हणजे पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाकडे तो लगामच नाही. पहिल्याच आठवड्यात पंजाला चीर दिलेल्या उंदराला मोठेपणी पुन्हा तिथेच चीर दिली तर जास्त दुखतं, मणक्यातल्या मायक्रोग्लिया (मज्जासंस्थेतल्या संरक्षक) पेशी आधीच सावध होऊन बसलेल्या असतात. औषधामुळे प्रयोग बिघडेल म्हणणाऱ्यांना माझं एवढंच विचारणं आहे, की वेदनेमुळे तो बिघडत नाही का?

काटेकोर
बिघडतो, हे कबूल. म्हणून तर वाढत्या मेंदूवरच्या प्रयोगात शस्त्रक्रिया न करता फक्त औषध दिलेला गट हवा. तो बहुतेक वेळा नसतो. तो गट ठेवा, आधी थोड्या पिल्लांवर डोस ठरवा, पहिली रात्र श्वासावर लक्ष ठेवा. तोवर मी सरसकट लांबणीच्या बाजूने नाही. माझी निवड साधं ब्युप्रेनॉर्फिन, सोबत बुपिव्हॅकेन.

रानजाई
तो गट मी पुढच्या आराखड्यात घालते. पण रात्री दोनच्या डोसला मी परत जाणार नाही.

पिंजरेवाला
डोस ठरवताना वजनाचा काटा मिलिग्रॅमचा घ्या. दीड ग्रॅमच्या पिल्लाचं वजन ग्रॅमच्या काट्यावर केलं तर डोस तिथेच चुकतो.