मदत हवी आहे: सूत्रात १, कानाला २, असं का?

नमस्कार मंडळी. लेक अकरावी सायन्सला आहे. साइनच्या बेरजेचा गुणाकार करायची सूत्रं तिला पाठ होईनात, म्हणून तंबोरा घेऊन बसलो आणि एका जागी दोघीही अडकलोय.

जोडाच्या, म्हणजे तंबोऱ्याच्या मधल्या, एकाच सुरात लावायच्या दोन्ही तारा पेटीतल्या पांढरी सहाच्या षड्जाला, म्हणजे २२० हर्ट्‌झला लावते. एक तार किंचित चढी राहिली की नाद वाँव-वाँव असा हेलकावतो. ती उतरवत आणली की हेलकावे लांबत जाऊन विरतात. तारेचा नाद लवकर ओसरतो, मोजायला पुरत नाही. म्हणून दोन फोनवर २२० आणि २२२ चे सूर लावले. दहा सेकंदांत २० हेलकावे. तीनदा मोजले.

सूत्र असं (क आणि ख म्हणजे दोन सुरांचे कोन):
साइन क + साइन ख = २ × साइन((क+ख)/२) × कॉस((क−ख)/२)

हे तिला पटलंय. सरासरी प, निम्मा फरक फ धरायचा. साइन(प+फ) आणि साइन(प−फ) उलगडून मिळवले की कॉस प × साइन फ ही पदं उडतात, उरतं २ साइन प कॉस फ. पाठांतराची गरजच नाही.

पण आमच्या सुरांचा निम्मा फरक १. म्हणजे कॉसचं सेकंदाला एकच आवर्तन. मग हेलकावे दोन कसे? आणि दोन्ही आवाज सारखे नसतील तर सूत्र चालेल का?

प्रतिसाद: ताई, सूत्रही बरोबर आणि मोजणीही. कॉस एका आवर्तनात +१ ला जातो तसा −१ लाही जातो. −१ ला तरंग नुसता उलटतो, जोर तेवढाच राहतो. कानाला उलट-सुलट कळत नाही, जोर कळतो. म्हणून हेलकावे पूर्ण फरकाइतके. लेकीला आलेख काढू द्या, फुगवटे मोजताना दिसेलच.

आवाज ५ आणि ३ असतील तर ५ साइन क + ३ साइन ख = ३(साइन क + साइन ख) + २ साइन क. कंसाला सूत्र लागतं, बाकीचा सूर सरळ वाजत राहतो. जोर ८ आणि २ च्या मध्ये फिरतो.

मूळ लेखिका: मनापासून आभार! एका फोनचा आवाज कमी करून ऐकलं. मधली शांतता भरून आली, हेलकावे मात्र वीसच. मग तंबोऱ्यातल्या स्वयंभू गंधाराचे, म्हणजे षड्जाच्या तारेतून आपोआप उमटणाऱ्या पाचपट कंपनांच्या सुराचे, हेलकावे जलद वाटतात, ते पाचपटीमुळेच ना? ११०० आणि १११०, म्हणजे सेकंदाला १०?